वरून उतरणाऱ्या दोन गोष्टी

आमच्या टीममध्ये टेस्टिंगला एक मुलगा आहे. मुरूडकडचा, कोळीवाड्यात वाढलेला. दर रिलीझनंतर तो "एकदा गावी या सगळे" म्हणायचा आणि आम्ही "येऊ येऊ" करत पुढच्या रिलीझच्या मागे लागायचो. शेवटी मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका वीकांताला योग आला. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघालो, ताम्हिणीतून खाली उतरलो आणि मध्यरात्र उलटल्यावर मुक्कामी पोचलो.

आता काशीदची वाळू, जंजिऱ्याची तटबंदी, सोलकढी वगैरे वर्णनं तुम्ही दहा ठिकाणी वाचली असतील, म्हणून ती गाळतो. मला सांगायचंय ते शनिवारी सकाळच्या जेमतेम अर्ध्या तासाबद्दल. तो अर्धा तास अजून डोक्यातून जात नाही.

त्याच्या वडिलांची छोटी बोट आहे. स्वतःच तांडेल, बरोबर दोन-तीन खलाशी. समुद्राच्या तळाला लावून ठेवायची जाळी संध्याकाळी सोडायची आणि पहाटे उचलायची, असं काम. आम्ही गेलो त्याआधी तीन दिवस बोट किनाऱ्यावरच होती. अरबी समुद्रात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये अशी सूचना आली होती. गंमत म्हणजे (त्यांच्यासाठी गंमत नव्हेच) त्या तीन दिवसांत मुरूडला लख्ख ऊन होतं. पर्यटक पाण्यात डुंबत होते. चौथ्या दिवशी सूचना मागे घेतली गेली, बोट गेली आणि शनिवारी सकाळी आमच्यासमोर परत आली.

जाळ्यात काय होतं? थोडे ढोमे, दोन शिंगाळे आणि पाच शेवंडी. शेवंड म्हणजे आपण ज्याला मेनूकार्डावर लॉबस्टर म्हणून ओळखतो ती. परदेशी सिनेमात दिसते तशा मोठ्या नांग्या हिला नसतात, लांबच लांब मिशा असतात. काका एकेक शेवंड जाळ्यातून सोडवत होते ते बघण्यासारखं होतं. आमच्याकडे प्रॉडक्शन सर्व्हरवर हात लावताना लोक जेवढे जपतात ना, तेवढं जपून. कारण सरळ आहे. मिशी तुटली, पाय तुटला तर भाव पडतो. आणि शेवंड मेली तर कोसळतोच, कारण खरा भाव जिवंत मालाला. ओल्या गोणपाटावर एकेक ठेवून मावशींनी त्या मोजल्या.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस मोटरसायकलवरून आला. थर्मोकोलची पेटी, वजनकाटा. त्याने भाव सांगितला. तो आदल्या आठवड्यातल्या भावापेक्षा किलोमागे बराच कमी होता. मावशींनी विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, "वरून उतरलाय."

बस्स. एवढंच. वरून म्हणजे कुठून, हे त्याला माहीत नसावं. मावशींनीही पुढे विचारलं नाही. पाचपैकी एक शेवंड अगदी लहान होती, ती त्याने बाजूला काढली. "बारीक आहे, हॉटेलला जाईल." आणि एकीच्या शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा गुच्छ होता. ती मात्र वजनात धरली आणि पेटीत गेली.

मी नको तो प्रश्न विचारलाच. अंड्यांची मादी परत सोडत नाहीत का? काका काही बोलले नाहीत. आमचा मित्रच म्हणाला, "सोडली असती. तीन दिवस बोट बंद नसती तर."

रात्री जेवायला गेलो. मेनूकार्डावर शेवंडीपुढे आकडा नव्हता, "साईजप्रमाणे" लिहिलं होतं. वेटरने जो आकडा सांगितला तो ऐकून आम्ही सात जणांनी सुरमई मागवली :-) आमच्यातल्या एकाने त्याला विचारलं, सकाळीच भाव उतरलाय ना? वेटर नुसता हसला. मेनूकार्डावरचा भाव कधी उतरत नसतो.

तर मुद्दा असा. पाऊसही वरून येतो आणि भावही वरून येतो. या दोन्ही गोष्टींवर त्या घराचा काडीचा ताबा नाही, आणि दोन्हींचा सगळा फटका मात्र त्याच घराने सोसायचा. आपण याला "बिचाऱ्यांचं नशीब" किंवा "निसर्गापुढे कोणाचं चालतंय" असं म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही. निसर्ग वादळ आणतो हे खरं. पण वादळाचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं, हे माणसं ठरवतात.

परत आल्यावर मी थोडं वाचत बसलो. (सोमवारी स्टेटस कॉलमध्ये डुलक्या आल्या त्या त्यामुळेच.) त्यात २०१९-२० हा एक हंगाम माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. या एका हंगामात सगळा विषय येतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि त्यानंतरचे महिने शेवंडीसाठी महत्त्वाचे. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, अरबी समुद्रात "क्यार" नावाचं वादळ उठलं आणि बघता बघता सुपर सायक्लोन झालं. ते पुरतं विरायच्या आत "महा" आलं. दोन वादळं एकाच वेळी एकाच समुद्रात. त्या वर्षी अरबी समुद्रात एकूण पाच चक्रीवादळं झाली. १९०२ नंतर असं वर्ष आलं नव्हतं.

आता लक्षात घ्या, क्यार आणि महा या दोन्ही वादळांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धडक दिली नाही. क्यार पश्चिमेला अरबस्तान-आफ्रिकेच्या दिशेने वळून समुद्रातच विरलं, महा गुजरातजवळ येता येता मावळलं. रायगडात त्यामुळे घरांच्या रांगा पडल्या नाहीत, टीव्हीवर उडणारे पत्रे दिसले नाहीत. आपल्यासारख्यांच्या लेखी काही झालंच नाही. पण बोटी माघारी आल्या, काही निघाल्याच नाहीत, आणि हंगामाचे ऐन कमाईचे दिवस किनाऱ्यावर बसून गेले. वादळ आलं नाही, नुकसान मात्र पूर्ण आलं.

मग जानेवारी २०२०. शेवंडी आणि खेकडे जिवंत विमानाने ज्या देशांत जातात, त्यात चीन मोठं गिऱ्हाईक. चिनी नववर्ष म्हणजे तिथला आपल्या दिवाळीसारखा मोसम, आणि त्या वर्षी ते २५ जानेवारीला होतं. दोन दिवस आधी, २३ तारखेला, वुहान बंद झालं. हॉटेलं बंद, मेजवान्या रद्द. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या शेवंड पकडणाऱ्यांचा धंदा अक्षरशः आठवड्याभरात ठप्प झाला. तेव्हा आपल्या ऑफिसात करोना हा अजून फॉरवर्ड करायचा विषय होता. समुद्र शांत होता, हवामान स्वच्छ होतं. या वेळी वादळ भावात होतं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. २५ मार्चपासून लॉकडाऊन. १० एप्रिलला केंद्राने समुद्री मासेमारीला सूट दिली, पण बर्फ मिळायला, गाडी जायला आणि हॉटेलं उघडी असायला नकोत का? आणि हे सगळं कमी पडलं म्हणून की काय, ३ जून २०२० ला "निसर्ग" चक्रीवादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. घरांची छपरं गेली, सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या.

आठ महिन्यांत हवा, भाव, महामारी, परत हवा. हे सगळं एकाच घराने, कुठल्याही पगाराशिवाय, झेलायचं.

कोणी म्हणेल, ते वर्षच वेगळं होतं. होतं ना. पण हवेचं म्हणाल तर ते वर्ष फार वेगळं राहील असं दिसत नाही. आपल्या पुण्यातल्याच आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेला अभ्यास सांगतो की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतोय हे त्यामागचं मोठं कारण. २०२१ च्या मे महिन्यात "तौक्ते" आलं. २०२५ मध्ये मुंबईत मान्सून २६ मेलाच पोचला, नेहमीची तारीख ११ जून. आपल्याला काय, ट्रॅफिक लवकर तुंबला. पण मे महिना म्हणजे कोळीवाड्यात बोंबील, जवळा वाळवायचे दिवस. पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत घर चालतं ते बऱ्याच अंशी या सुक्या मासळीवर, आणि हे काम जवळजवळ सगळं बायकांचं. वाळत घातलेल्या मासळीवर एक पाऊस पडला की ती सडते. म्हणजे समुद्रातला पाऊस नवऱ्याचा दिवस खातो आणि अंगणातला पाऊस बायकोचा महिना खातो.

इथे अजून एक गोष्ट, जी मला आधी लक्षातच आली नव्हती. हवामानाचा अंदाज आता पूर्वीपेक्षा खूप सुधारलाय. नोव्हेंबर २००९ मध्ये "फयान" आलं तेव्हा कोकणातल्या कितीतरी बोटी समुद्रात होत्या, माणसं गेली. आज हवामान खातं आणि हैदराबादची इन्कॉईस संस्था आधीच सूचना देतात, मोबाईलवर संदेश येतो, बोटी परततात, जीव वाचतात. उत्तमच आहे. पण अंदाज जितका सावध, तितके बंद दिवस जास्त. वादळाची दिशा बदलली तर तो दिवस फुकट गेलेला असतो. जीव वाचवण्याचं श्रेय आपण सगळे मिळून घेतो, त्या फुकट गेलेल्या दिवसाची किंमत मात्र एकटा तांडेल देतो. आणि हप्ता थकलेला असला की मग काही जण सूचना डावलून जातात. आपण त्याला "निष्काळजीपणा" म्हणतो.

आता भावाकडे येऊ. माझं आणि मावशींचं एक साम्य आहे. आम्ही दोघेही निर्यातदार आहोत. मी कोड निर्यात करतो, त्या शेवंड. दोघांचंही गिऱ्हाईक परदेशात, दोघांचाही भाव डॉलरमध्ये ठरतो. पण डॉलर घसरला म्हणून माझा या महिन्याचा पगार कमी झाला, असं कधी होत नाही. कारण कंपनीची फायनान्सवाली मंडळी फॉरवर्ड कव्हर घेऊन बसलेली असतात. धोका असतोच, पण तो माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मध्ये चार गाद्या अंथरलेल्या असतात. प्रोजेक्ट गेलं तर बेंच असतो. अगदी नारळ मिळाला तरी दोन महिन्यांचा पगार मिळतो. मावशी आणि बाजार यांच्यात मध्ये काहीच नाही. हाँगकाँगला कोणाच्या तरी लग्नाची मेजवानी रद्द होते आणि मुरूडच्या किनाऱ्यावर "वरून उतरलाय" ऐकू येतं.

यात व्यापाऱ्याला खलनायक करणं सोपं आहे, पण मला ते खरं वाटत नाही. थंड केलेल्या भुशात बांधलेली शेवंड विमानतळापर्यंत जिवंत पोचेल याची जोखीम त्याची असते. मेली तर तोटा त्याचा. शिवाय जाळी घ्यायला, इंजिन दुरुस्त करायला रात्री-अपरात्री उचल देतो तोही तोच. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छिमारांनाही द्यायचं ठरलं, पण बँकेचा कागद तयार व्हायला आणि इंजिन बंद पडायला एकच मुहूर्त थोडाच मिळतो? अडचण अशी की उचल घेतली की माल त्यालाच घालायचा. दुसऱ्या कोणाला भाव विचारायची सोय राहत नाही. आणि शेवंड म्हणजे काही कोल्ड स्टोरेजमधला कांदा नाही. तिला टाकीत जिवंत ठेवायची सोय नसेल तर आज जो भाव मिळेल तो घ्यायचा, कारण उद्या ती मेलेली असेल.

खर्चाचं मात्र असं नाही. तो उतरत नाही. मार्च २०२२ मध्ये घाऊक खरेदीदारांसाठी डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागलं. आपण पंपावर जातो, त्यामुळे आपल्याला त्याची झळ लागली नाही. मच्छिमार सोसायट्यांचे पंप मात्र घाऊक खरेदीदारांत मोडत होते. बर्फ, रेशन, खलाशांचा वाटा, सगळं एकाच दिशेने जातं.

"मग जास्त मासे मिळाले की भरून निघेल" असंही नाही बरं का. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१२ मध्ये समुद्र नेहमीपेक्षा गरम झाला. त्यामुळे तिथल्या लॉबस्टरनी लवकर कात टाकली आणि ते नेहमीच्या आधीच जाळ्यात यायला लागले. विक्रमी माल आला. पण प्रक्रिया करणारे कारखाने अजून तयार नव्हते. भाव इतका पडला की वर्षाची सरासरी पौंडाला तीन डॉलरच्याही खाली गेली, आणि कित्येकांनी काही दिवस बोटीच बांधून ठेवल्या. म्हणजे हवामान आणि भाव हे दोन वेगळे धोके नाहीतच. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात असतो.

आता परत त्या अंडीवाल्या शेवंडीकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

शेवंडीची अंडी फुटली की तिची पिल्लं काही महिने समुद्रात तरंगत भटकतात आणि मग कुठे तळाशी येतात. त्यामुळे कोळंबीसारखी हिची तळ्यात शेती सहज जमत नाही. समुद्रात जे आहे तेवढंच. आणि ते संपू शकतं याचा पुरावा आपल्या दारातच आहे. मुंबईच्या समुद्रात शेवंडीची एक चपटी चुलत बहीण मिळायची, इंग्रजीत तिला स्लिपर लॉबस्टर म्हणतात. १९८२ मध्ये मुंबईच्या ट्रॉलरना ती सुमारे ३७५ टन मिळाली. १९९४ मध्ये किती? जेमतेम दोन टन. बारा वर्षांत खेळ खलास. अंडीवाल्या माद्या मोठ्या प्रमाणावर उचलल्या गेल्या, हे त्याचं एक मुख्य कारण शास्त्रज्ञ सांगतात.

नियम नाहीत असं नाही. २००३ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने निर्यातीसाठी किमान वजन ठरवलं. आपल्याकडच्या या चिखलातल्या शेवंडीसाठी ते ३०० ग्रॅम आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानेही ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले. पण त्या सकाळी मी जे पाहिलं ते असं की निर्यातीला न चालणारी बारकी शेवंड फेकली जात नाही, परतही सोडली जात नाही. ती हॉटेलला जाते. म्हणजे ती आपण खातो.

ती मादी परत समुद्रात सोडणं म्हणजे काय, याचा हिशेब करा. ती सोडली तर पुढच्या काही वर्षांत फायदा होईल तो सगळ्या किनाऱ्याचा, सगळ्या व्यापाऱ्यांचा, तुमचा-माझा. तोटा होईल तो मात्र फक्त काकांचा, आणि आजच, रोख. तीन दिवस बोट बंद, भाव उतरलेला, डिझेलची उधारी. अशा सकाळी कोणाला "पर्यावरण वाचवा" सांगायचं? मेनमध्ये अंडीवाली मादी मिळाली की तिच्या शेपटीला खाच पाडून सोडून देतात, आणि खाच असलेली मादी पुढे कोणीच पकडत नाही. शंभरेक वर्षं हे चालू आहे. तिथले लोक आपल्यापेक्षा जास्त सज्जन आहेत म्हणून नव्हे. सगळ्यांना सारखाच नियम आहे, आणि एका मादीवर कोणाची आजची चूल अडलेली नाही, म्हणून.

म्हणून माझं मत असं आहे की शेवंड वाचवायची असेल तर आधी बंद दिवसांचे पैसे द्या.

कसे? यातच मला इंजिनियर म्हणून सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं, कारण अर्धी सिस्टीम तयार आहे. कोकणातल्या आंबा-काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. अवेळी पाऊस पडला, तापमान ठरावीक आकड्याच्या वर-खाली गेलं, की महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून भरपाई ठरते. प्रत्येक झाडाखाली जाऊन पंचनामा करावा लागत नाही. अमुक झालं तर तमुक द्या. इफ आणि देन. म्हणजे एकाच गावात, एकाच पावसात, टेकडीवरच्या कलमांच्या मालकाला विम्याची निदान सोय आहे आणि खाली खाडीत नांगरलेल्या बोटीच्या मालकाला, समुद्र बंद होता म्हणून, असं काही मिळत नाही. वास्तविक बोटीचं काम जास्त सोपं आहे. कुठल्या तारखेला कुठल्या किनाऱ्यावर "समुद्रात जाऊ नये" अशी सूचना होती, याची नोंद सरकारकडेच आहे. बोटींची नोंदणी आहे. बँक खाती आहेत. हंगामात ठरावीक दिवसांपेक्षा जास्त सूचना आल्या, की पुढच्या प्रत्येक दिवसाचे ठरलेले पैसे खात्यात. अर्ज नको, पंचनामा नको.

तत्त्व म्हणून सरकारने हे मान्यही केलेलं आहे. क्यार आणि महा वादळांत मासेमारी बुडाली म्हणून महाराष्ट्र सरकारने ६५ कोटी १७ लाख रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. घरं पडली म्हणून नव्हे, दिवस बुडाले म्हणून. फक्त वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधली आणि पॅकेजची घोषणा ऑगस्ट २०२० मधली. मधे नऊ महिने आणि एक "निसर्ग" जाऊन गेलं. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा द्यायचंही ठरवलं. वीज, कर्ज, विमा यांत शेतीसारख्या सवलती मिळाव्यात हा हेतू. चांगलं आहे. मग आंब्याला जे आहे ते शेवंडीला मागायला हीच वेळ आहे.

आज काय आहे? केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मदत आहे. मच्छिमाराने स्वतःचे १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० घालणार, मिळून वर्षाला ४,५०० रुपये. दोन महिन्यांच्या बंदीसाठी. आम्ही सात जणांनी त्या शनिवारी रात्री नुसत्या जेवणाचं बिल यापेक्षा जास्त दिलं. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण आकडा आकडा असतो.

यावर दोन आक्षेप मला आधीच ऐकू येतायत. पहिला, धंदा म्हटला की धोका आलाच, सरकारने काय सगळ्यांचे धोके उचलायचे? बरोबर. आपल्या चुकीने होणारा तोटा आपणच सोसावा. पण सरकारनेच सांगितलं म्हणून घरी बसलेल्या माणसाचा तो कुठला धंद्यातला निर्णय? आणि धोका वाटून घेणं हाच तर विम्याचा अर्थ. दुसरा आक्षेप, पीकविम्याचेच पैसे शेतकऱ्यांना वेळेवर मिळत नाहीत, त्यात आणखी एक योजना कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे, पूर्ण मान्य. पण बग आहे म्हणून आपण सॉफ्टवेअर लिहायचं थांबवत नाही. बग लवकर सापडावा म्हणून सिस्टीम साधी ठेवतो. तारखा मोजणं यापेक्षा साधं काय असणार?

भावाचं काम जास्त अवघड आहे. ते एका योजनेने होणार नाही. पण सोसायटीची एखादी जिवंत माल ठेवायची टाकी असेल तर निदान "आज नको, परवा देतो" म्हणायची ताकद येते. भाव कोणी वाढवून द्यायची गरज नाही. थांबायची सोय झाली की भाव विचारता येतो.

आणि आपण? आपण हॉटेलात वळवळती बारकी शेवंड दाखवली तर "नको" म्हणू शकतो. अंडीवाली तर नकोच. याने जग बदलणार नाही, माहीत आहे. पण "बारीक आहे, हॉटेलला जाईल" या वाक्यातलं हॉटेल म्हणजे आपणच, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

असो. रविवारी निघताना मावशींनी सगळ्यांना सोडे बांधून दिले. पैसे घेतले नाहीत. आम्ही फारच आग्रह केला तर म्हणाल्या, पाहुण्यांना काय भाव सांगायचा? काका बोटीवर जाळी नीट करत बसले होते. आमच्या मित्राने सहज त्यांना विचारलं, उद्या जाणार ना? त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग खिशातून मोबाईल काढून संदेश बघितला, आणि म्हणाले, "बघू, वरून काय येतं."